एकच झूम लेन्स कुठली घ्यायची? मालवणच्या एका होमस्टेवाल्याची पूर्ण केस

माझा मावसभाऊ, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, मालवण तालुक्यात समुद्राला लागून त्याचं होमस्टे आहे, चार खोल्या, वहिनी जेवणाचं बघते आणि दादा बुकिंग, पाहुणे आणि फोटो. फोटोचा नाद त्याला आधीपासूनच. कॅमेरा कॅनन ८०डी, सेकंडहँड घेतलेला, आणि त्याच्यासोबत दोन लेन्स, १८-५५ आणि ५५-२५० (हे आकडे फोकल लेन्थचे, मिलिमीटरमध्ये; आकडा लहान तर फ्रेममध्ये जास्त मावतं म्हणजे वाइड, मोठा तर लांबचं जवळ दिसतं). दोन्ही लेन्स चांगल्या आहेत, तक्रार त्यांच्या क्वालिटीबद्दल नव्हतीच. तक्रार ही की किनाऱ्यावर उभं राहून लेन्स बदलायची म्हणजे वारा, वाळू, खारट तुषार सगळं आत जाणार, आणि बदलेपर्यंत समोरचं घडून गेलेलं असतं. फोन करून म्हणाला, "माका एकच सांग, सगळ्याक चालात असा." बजेट तीसेक हजार, जुनी लेन्स चालेल, आणि पावसाळा संपून सीझन सुरू व्हायच्या आत पाहिजे.

शेवटी त्याने घेतली कॅनन ईएफ-एस १८-१३५ आयएस यूएसएम (आयएस म्हणजे हात हलला तर सांभाळणारं इमेज स्टॅबिलायझर, यूएसएम म्हणजे फोकसच्या मोटरचा प्रकार, एसटीएम हा दुसरा प्रकार). पण हे नाव महत्त्वाचं नाही, तिथपर्यंत कसं पोचलो ते महत्त्वाचं आहे, कारण असा प्रश्न विचारला की लोक लगेच आपापली लेन्स सुचवायला लागतात आणि समोरचा माणूस फोटो कसले काढतो हे कुणी विचारतच नाही.

पहिलं काम मी त्याला हे दिलं की जुने सगळे फोटो एका फोल्डरमध्ये टाक आणि कुठल्या फोकल लेन्थला किती काढलेत ते बघ. यासाठी वेगळं सॉफ्टवेअर पण लागत नाही, विंडोजच्या फोल्डरमध्ये डिटेल्स व्ह्यू लावून फोकल लेन्थचा कॉलम अॅड केला की त्यावर सॉर्ट करता येतं. लाइटरूम असेल तर अजून सोपं. दादाने ते केलं आणि स्क्रीनशॉट पाठवले आणि खरं सांगतो, त्या यादीत अर्धं उत्तर तिथंच होतं.

१८-५५ च्या फोटोंचे दोन ढीग होते, एक १८ वर आणि एक ५५ वर, मधल्या २४, ३५, ४० वगैरेवर तुरळक. ५५-२५० मध्ये पण एक ढीग ५५ वर, मग साधारण १३०-१४० पर्यंत बऱ्यापैकी पसरलेले, त्यानंतर जवळजवळ काहीच नाही आणि मग एकदम २५० वर तिसरा ढीग. आता हे नीट वाचायला पाहिजे. दोन्ही लेन्समध्ये ५५ वर ढीग, म्हणजे काय? म्हणजे त्याला ५५ आवडतं असं नाही, तर एक लेन्स तिथं संपते आणि दुसरी तिथं सुरू होते, आणि माणूस नेमका त्या सांध्यावर अडकतोय. १८-५५ लावलेली असताना अजून जवळ जायचंय पण जाता येत नाही, आणि ५५-२५० लावलेली असताना मागे सरकायचंय पण मागे माणसं उभी आहेत. त्याला पाहिजे होती ती लेन्स जी हा सांधा बिनबोभाट ओलांडेल.

मग मी त्याला रापणीचे फोटो वेळेप्रमाणे लावायला सांगितले. ज्यांनी रापण बघितली नाहीये त्यांच्यासाठी सांगतो, होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल टाकत नेतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडे रापणकर ओळीने उभे राहून ते दोर ओढत आणतात. बराच वेळ नुसतं ओढणं चालू असतं, त्या वेळी वाइड फोटो मस्त येतात, दोराची लांबलचक रेघ, मागे झुकलेली माणसं. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे त्यामुळे सकाळचं ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागून येतं, समोरच्या माणसांवर पडतं, अजून काय पाहिजे. पण जाळ्याचा शेवटचा भाग पाण्याबाहेर यायला लागला की सगळं एकदम होतं, बांगडे तारले उड्या मारतायत, घारी खाली झेपावतायत, पोरं धावतायत, बायका टोपल्या घेऊन पुढे, आणि हे सगळं दोन-चार मिनिटांत आटपतं. दादाच्या फोटोंच्या वेळा बघितल्या तर प्रत्येक रापणीत १८-५५ चा शेवटचा फोटो आणि ५५-२५० चा पहिला फोटो यांच्यात एक-दोन मिनिटांची पोकळी, आणि ती पोकळी बरोब्बर जाळं वर यायच्या वेळेला. इतकी वर्षं रापण काढतोय आणि जाळं उघडतानाचा फोटो त्याच्याकडे धड एक नाही! वर ५५-२५० च्या सगळ्या फोटोंत आभाळात तेच ते काळे ठिपके, म्हणजे सेन्सरवर, कॅमेऱ्याच्या आत फोटो टिपणाऱ्या पट्टीवर, धूळ बसलेली, एफ/११ ला तर ठळक दिसत होती (एफचा आकडा म्हणजे अॅपर्चर, लेन्सचं भोक; आकडा लहान तर भोक मोठं आणि उजेड जास्त).

इथं माझं मत पक्कं झालं आणि ते मी त्याला स्पष्ट सांगितलं. ऑल-पर्पज लेन्सने सगळं करायला पाहिजे हा हट्ट सोडायचा. तिने फक्त तेवढंच करायचं जिथं लेन्स बदलायला वेळ किंवा जागा नाही. जिथं निवांतपणे बदलता येते तिथली कामं तिच्यावर लादायचीच नाहीत. एवढं एक मान्य केलं की यादी भराभर कमी होते.

दादाची यादी होती ती अशी: खोल्यांचे आणि जेवणाचे फोटो, रापण, मालवण जेटीवरून होडीने सिंधुदुर्ग किल्ला, बाजार, शिमग्याची पालखी, गणपती विसर्जन, देवळात रात्रीचा दशावतार, आणि पक्षी-डॉल्फिन. आता यातलं काय काय गळतं ते बघा.

खोल्या गळल्या. वहिनीचं म्हणणं होतं, "आधी रूमचे फोटो, मगे तुमची रापण," आणि धंद्याच्या हिशोबाने ते शंभर टक्के बरोबर आहे, पाहुणा खोली बघून बुकिंग करतो. पण खोली काय पळून जाणार नाही ना. तिथं ट्रायपॉड लावायचा, दार बंद करून शांतपणे पाहिजे ती लेन्स लावायची. आणि खोलीला १८ पुरत नाही हे पण खरंच, ८०डी चा सेन्सर साधारण २२.५ मिलिमीटर रुंद आहे, त्यामुळे समोर किती मीटर रुंदी मावेल त्याचा सोपा हिशोब असा की अंतर गुणिले २२.५ भागिले फोकल लेन्थ. साडेतीन मीटरवरून १८ वर जेमतेम ४.४ मीटर मावतं, १५ वर सव्वापाच, १० वर पावणेआठच्या वर. म्हणजे १८ ऐवजी १५ घेऊनसुद्धा पलंग, खिडकी आणि बाथरूमचं दार एका फोटोत येणार नाही ते नाहीच, त्याला १०-१८ सारखी वेगळी वाइड लेन्सच लागते, आणि ती कॅननची आयएस एसटीएम फक्त २४० ग्रॅमची आहे, जुनी घेतली तर फार महाग पण पडत नाही. हिशोब केल्यावर "वाइड जास्त पाहिजे" म्हणून ऑल-पर्पजमध्येच १५ शोधायची गरज राहिली नाही.

दशावतार पण गळला. यावर आमची बरीच वादावादी झाली, कारण दशावतार त्याचा जीव की प्राण, आणि कुणीतरी त्याला सांगितलं होतं की सिग्मा १७-५० एफ/२.८ घे, रात्रीचं टेन्शन नाही. लेन्स चांगलीच आहे ती, त्यात वाद नाही. पण देवळाच्या मंडपातला उजेड आणि राजाच्या तलवारीचे हातवारे, गिरक्या यांचा हिशोब मांडा. समजा एफ/५.६ ला आयएसओ (म्हणजे सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवलाय) ६४०० वर शटर मिळतंय १/६० सेकंद. एफ/२.८ ला चौपट उजेड, म्हणजे १/२५०. एफ/१.८ ला जवळजवळ दहापट, म्हणजे १/५०० च्या आसपास, किंवा शटर १/२५० ठेवून आयएसओ ३२०० आणि त्याच्याही खाली. आता ५० एमएम एफ/१.८ एसटीएम ही कॅननची सगळ्यात स्वस्त लेन्सांपैकी एक, १६० ग्रॅम, आणि दशावताराला माणूस रात्रभर एका जागी बसलेला असतो, पुढच्या रांगेत मांडी घालून, तिथं झूम लागत नाही आणि लेन्स घरूनच लावून नेता येते. आणि इमेज स्टॅबिलायझर इथं मदत करत नाही बरं का, तो आपला हात हललेला सांभाळतो, समोरचा नट हललेला नाही. हे पुष्कळ जणांना माहीत नसतं, चार स्टॉपचं (एक स्टॉप म्हणजे उजेडाची दुप्पट किंवा निमपट) स्टॅबिलायझर आहे म्हणजे रात्रीचं काम झालं असं धरून चालतात आणि मग सगळे चेहरे पुसट.

सिग्मा १७-५० बाद व्हायचं खरं कारण मात्र वेगळं. तिने सांधा आणखीच अलीकडे आणला असता, ५५ च्या ऐवजी ५० ला. ज्या रोगासाठी औषध शोधतोय तो रोग तसाच.

पक्षी आणि डॉल्फिन गळले कारण ५५-२५० घरात आहेच आणि पक्षी तो घराच्या पडवीतून काढतो, माडावर ब्राह्मणी घार येऊन बसते तेव्हा. डॉल्फिनला होडीतून लेन्स बदलायचा प्रश्नच नाही, निघतानाच ५५-२५० लावून निघायचं. २५० वरचा तो तिसरा ढीग उघडून बघितला तर सगळे हेच दोन विषय होते.

उरलं काय? रापण, होडी-किल्ला, बाजार, पालखी, विसर्जन. पाचही ठिकाणी गर्दी किंवा वारा-पाणी, पाचही ठिकाणी एका क्षणी वाइड आणि पुढच्या क्षणी जवळून. सिंधुदुर्गाचंच घ्या, १६६४ ते १६६७ मध्ये महाराजांनी कुरटे बेटावर बांधलेला किल्ला, होडीतून पूर्ण तटबंदी १८ ला, मग होडी जवळ जाते तसे बुरुज, लाटा फुटतायत तिथला दगड, आणि होडीत उभं राहून बॅग उघडायला जागाच नसते. पालखी नाचवतात तेव्हा तर कॅमेरा दोन्ही हातांनी धरला तरी पुष्कळ.

या पाच कामांना लांबचं टोक किती पाहिजे? परत तोच हिशोब. दहा मीटरवरून ५५ ला साधारण चार मीटर रुंदी येते, म्हणजे तीन-चार माणसं. ८५ ला अडीच मीटरच्या थोडं वर. १३५ ला १.७ मीटर, म्हणजे एक रापणकर आणि त्याच्या हातातला दोर, नेमकी ती फ्रेम जी दादाला पाहिजे. आणि त्याच्या यादीतला पसारा पण १३०-१४० लाच संपत होता, हे जुळून आलं.

मग बाकीच्या उमेदवारांकडे बघू. कॅनन १५-८५ आयएस यूएसएम माझी स्वतःची आवडती लेन्स आहे, १५ चा कोन जवळजवळ ८४ अंश, १८ चा ७४, दिसायला दहा अंश पण किल्ल्याच्या दारात उभं राहिल्यावर चांगलाच फरक पडतो. दादा एकटा फिरणारा असता आणि देवळं-वाडे-कातळशिल्पं काढत असता तर मी डोळे झाकून हीच सांगितली असती. पण त्याच्या रापणीला ८५ कमी पडतं, आणि जी जुनी बघायला मिळाली ती उलटी धरली की झूम आपोआप खाली घसरत होता.

टॅमरॉन १६-३०० आणि १८-४०० दोन्हींचा विचार केला. १६-३०० ची रेंज कागदावर बघितली तर वाटतं प्रश्नच मिटला, आणि टॅमरॉनने दोन्हींना ओलाव्यापासून थोडं संरक्षण पण दिलंय, कोकणात ते कामाचं आहे. मला तिच्यात अडचण वाटते ती लांबच्या टोकाची. तिथं एफ/६.३, कडा मऊ, आणि ज्या रेंजसाठी पैसे मोजतोय ती रेंज दादाच्या पाच कामांत लागतच नाही. १८-४०० तर ७०० ग्रॅमच्या वर जाते, कॅमेऱ्यासकट दीड किलोच्या जवळ, गळ्यात घालून सकाळभर वाळूत फिरायचं म्हणजे मान भरून येते. आणि १३५ ला काढून नंतर क्रॉप करायचा, म्हणजे कडा कापून मधला भाग ठेवायचा, पर्याय असतोच की, २४ मेगापिक्सेलमधून २०० एवढं क्रॉप केलं तर साधारण ११ उरतात, २५० एवढं केलं तर ७. सात मेगापिक्सेलमध्ये वेबसाइट, व्हॉट्सअॅप सोडा, ए-फोर प्रिंटसुद्धा चांगली येते. अर्थात ज्याला एकच लेन्स घेऊन परदेशी फिरायचंय आणि दुसरी काही ठेवायचीच नाही त्याच्यासाठी या लेन्स वाईट नाहीत.

कोल्हापुरात एका दुकानात त्याला ईएफ २४-१०५ एफ/४ एल दाखवली, लाल पट्टीवाली, आणि दादा जरा भुलला. मी फोनवरूनच नको म्हटलं. फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती खरोखर ऑल-पर्पज आहे, ८०डी चा सेन्सर लहान, त्यामुळे १.६ चा गुणाकार लागला की तिची सुरुवातच ३८ सारखी होते, म्हणजे वाइड गेलंच. त्याच्या यादीतला पहिला ढीग १८ वर होता हे विसरून चालणार नाही, आणि त्यातले खोल्यांचे फोटो वेगळे काढले तरी किल्ला, खळं, दोराची ओळ हे उरतातच.

१८-१३५ घेताना एक गोष्ट नीट बघायला लागते ती म्हणजे या नावाच्या कॅननच्या तीन लेन्स आहेत. २००९ ची साधी आयएस, २०१२ ची एसटीएम आणि २०१६ ची यूएसएम, तिच्यावर नॅनो यूएसएम असं लिहिलेलं असतं. जुन्या बाजारात तिन्ही "१८-१३५" म्हणूनच विकतात आणि किंमत सांगताना सोयीने विसरतात. पहिलीचा फोकस हळू आणि आवाज करणारा, ती घेऊ नये. एसटीएम चांगली आहे, पैसे कमी असतील तर जरूर घ्या. यूएसएमचा फोकस मात्र भलताच झटपट आहे, उड्या मारणारे मासे आणि धावणारी पोरं यात तो फरक कळतो, आणि व्हिडिओ करताना आवाज येत नाही, दादा होमस्टेचे रील करतो त्यामुळे ते पण उपयोगी. वजन ५१५ ग्रॅम. फिल्टर ६७ मिलिमीटरचा, आणि १०-१८ चा पण ६७ चाच, म्हणजे एकच पोलरायझर दोघींना. पावसाळ्यात ओला जांभा, माडाच्या झावळ्या आणि पाण्यावरची चकाकी मारायला पोलरायझर मी कोकणात जवळजवळ आवश्यकच मानतो, फक्त तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो हे ध्यानात ठेवायचं आणि १०-१८ वर आभाळ एकसारखं निळं येत नाही, पट्टा पडतो, तेव्हा आभाळ जास्त असेल तर काढून ठेवायचा.

लेन्स मिळाली एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे, तो मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या प्रकारच्या कॅमेऱ्यावर, गेला म्हणून विकत होता. दादा घाट चढून गेला आणि जाताना मी सांगितलेलं सगळं त्याने केलं, विकणाऱ्यानेही मनापासून करू दिलं. आधी मोबाइलचा टॉर्च मागून लावून पुढून आत बघायचं, बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात, थोडी धूळ चालते पण धागे नाही. मग झूम रिंग हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठे करकर लागली तर आत वाळू आहे. मग उलटी धरून घसरते का ते. मग एका सपाट भिंतीचे समोरून सरळ फोटो, १८, ५० आणि १३५ ला, प्रत्येक ठिकाणी एकदा पूर्ण उघड्या अॅपर्चरला आणि एकदा एफ/८ ला, आणि चारही कोपरे लॅपटॉपवर मोठे करून बघायचे. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव, पण एकच कोपरा वेगळा पुसट असेल तर आतली काच सरकलेली, लेन्स कधीतरी पडलेली असणार. याची नीट निघाली.

वापर सुरू झाल्यावर पहिल्याच रापणीत जाळं उघडतानाचे फोटो मिळाले. त्यातला एक मी मोठा करून बघितला, १३५ ला, १/१००० शटर, एफ/७.१, बांगड्याच्या पाठीवरचे निळे-काळे पट्टे मोजता येतायत आणि मागे रापणकराच्या हाताला दोराचे वळ. हे ५५-२५० ने पण आलं असतं, क्वालिटीत काही जमीन-अस्मानाचा फरक नाही. फरक एवढाच की कॅमेरा त्या वेळी डोळ्याला होता.

कमतरता पण सांगतो. १८ ला कडा वाकतात, किल्ल्याचा तट आणि समुद्राची रेघ दोन्ही वाकलेली दिसते, कॅमेऱ्यात किंवा लाइटरूममध्ये करेक्शन चालू ठेवायला लागतं. संध्याकाळी सूर्य बुडताना रापण असेल तर एफ/५.६ मुळे आयएसओ भराभर वर जातो. आणि ही लेन्स सील केलेली नाही, झूम करताना नळी बाहेर येते-आत जाते, प्रत्येक वेळी हवा आत ओढते आणि आपल्याकडच्या हवेत मीठ आहे. त्यामुळे किनाऱ्यावरून आल्यावर दादाचा नेम ठरलेला आहे, आधी ब्लोअरने वाळू उडवायची, पुसायचं नंतर, कारण वाळूवर कापड फिरवलं की ओरखडा पडलाच, मग किंचित ओलसर कापडाने बाहेरून मीठ पुसायचं, लगेच कोरड्याने, आणि हे सगळं नळी आत घेऊन. पावसाळ्यात लेन्स कॅमेरा बॅगेत किंवा चामड्याच्या केसमध्ये अजिबात नाही, हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा ह्युमिडिटी मीटर, काटा ४० ते ५० च्या मध्ये ठेवायचा. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून परत वापरायचं. एसीच्या खोलीतून एकदम बाहेर काढायची नाही, काचेवर दव धरतं, बॅगेतच अर्धा तास बाहेर ठेवून मग उघडायची.

१८-५५ त्याने विकली आणि त्या पैशात ५० एफ/१.८ आली. ५५-२५० पडवीत पक्ष्यांसाठी राहिली. वहिनीची १०-१८ पुढच्या सीझनच्या कमाईतून घ्यायचं ठरलंय, तोपर्यंत खोल्या मोबाइलच्या वाइड कॅमेऱ्याने. पुढेमागे मिररलेस घेतला तरी कॅननचा अॅडॅप्टर लावून या सगळ्या लेन्स नव्या बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात, त्यामुळे तो खर्च फुकट जाईल ही दादाची भीती पण गेली.